कायदा नेटवर सापडतो, पण तो आज चालू आहे का?

प्रश्न असा आहे: “दीड वर्षापूर्वी वकिलीची सनद मिळाली. तालुक्याच्या कोर्टात सिनिअरांकडे काम करते, बहुतेक दिवाणी. पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर ऑफिसच्या एकाच संगणकावर आहे आणि संध्याकाळी त्यावर सिनिअर बसलेले असतात. घरी जुना लॅपटॉप आणि मोबाइल. कायदे, निवाडे, जीआर फुकट आणि भरवशाचे कुठे मिळतील? आणि एआयला विचारून निवाडे काढले तर चालेल का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालणार नाही. का, ते पुढे येईलच. पहिल्याचं उत्तर मोठं आहे आणि बरंचसं आनंदाचं आहे. आज तुमच्या जुन्या लॅपटॉपवर जे फुकट उघडतं, ते मी वकिली सुरू केली तेव्हा आमच्या बार लायब्ररीतही नव्हतं. तेव्हा एक निवाडा शोधायला दोन दिवस जायचे. पण शोधता शोधता आजूबाजूचं बरंच वाचून व्हायचं, आणि तो निवाडा पुढच्या एखाद्या खंडात फिरवला गेला आहे हेही त्या धुळीतच कळायचं. आता निवाडा अर्ध्या मिनिटात सापडतो. सापडला की काम झालं असं वाटतं, आणि तिथेच पाय घसरतो.

माझीच फजिती सांगतो. २०२१ च्या सुरुवातीला वाटपाच्या एका दाव्यात मी भावांच्या बाजूने होतो. बहिणीने वडिलार्जित मिळकतीत समान हिस्सा मागितला होता आणि वडील २००५ च्या आधीच वारलेले होते. माझ्या फायलीत ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या २०१५ च्या निवाड्याची झेरॉक्स होती. त्यात म्हटलं होतं की हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ज्या दिवशी लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील आणि मुलगी दोघंही हयात असतील, तरच मुलीला सहदायिकाचा, म्हणजे वडिलार्जित मिळकतीतल्या जन्मसिद्ध वाटेकऱ्याचा, हक्क. मी ते ठासून वाचलं. न्यायाधीश साहेबांनी शांतपणे विचारलं, “वकीलसाहेब, ऑगस्टमधलं पाहिलंत का?” पाहिलं नव्हतं. ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फुलवती ओव्हररूल केला होता. मुलीचा हक्क जन्मानेच येतो, वडील त्या तारखेला हयात असायची गरज नाही. करोनात कोर्टं अर्धवट चालू होती ही सबब मी साहेबांना सांगितली नाही, एवढंच त्या दिवशीचं माझं शहाणपण.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. कुठल्या साइटवर काय आहे हे खाली सांगतोच, पण प्रत्येक ठिकाणी मी एकच गोष्ट विचारणार आहे: सापडलं ते आज चालू आहे का?

कायद्याच्या मूळ मजकुरापासून सुरुवात करू. केंद्राच्या विधी आणि न्याय मंत्रालयाचं ‘इंडिया कोड’ हे संकेतस्थळ बुकमार्क करून ठेवा. केंद्राचे कायदे तिथे कलमवार वाचता येतात, पीडीएफ उतरवून घेता येते, अनेक कायद्यांखालचे नियम आणि अधिसूचनाही त्याच पानाला जोडलेल्या असतात, आणि राज्यांच्या कायद्यांचाही विभाग आहे. बेअर ॲक्टची, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराची, पुस्तकं मी अजून विकत घेतो, हातात धरून वाचायची सवय आहे म्हणून. पण गेल्या वर्षीचं पुस्तक गेल्या वर्षीच संपलं, हे लक्षात ठेवून.

इंडिया कोड वाचताना तळटीपा वाचायच्याच. कलम दिसतंय म्हणजे ते लागू आहे असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल’ खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. पण न्यायालयाने कलम रद्द ठरवलं म्हणून संसदेने छापलेल्या मजकुरातून ते आपोआप पुसलं जात नाही. ते तळटीप लावून तसंच उभं राहतं. ठाण्यांमधून त्याच कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि शेवटी २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावर खटला चालवायचा नाही.

याच्या उलट प्रकारही आहे, म्हणजे कलम छापलेलं आहे, कुणी रद्द केलेलं नाही, पण ते लागूच झालेलं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ चं पोटकलम २ पाहा. गाडीखाली माणूस मेला आणि चालक खबर न देता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, ही तरतूद. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी ज्यावरून चाकं थांबवली तीच. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू करणारी अधिसूचना निघाली तेव्हा हे एक पोटकलम तिच्यातून वगळलं होतं. नुसता कायदा वाचणाऱ्याला हे कळणार नाही, त्यासाठी राजपत्र पाहावं लागतं. केंद्राचं ई-गॅझेट वेगळं, महाराष्ट्र शासनाचं वेगळं, आणि दोन्ही फुकट आहेत. कायदा मंजूर होणं, त्यावर राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची सही होणं आणि तो अंमलात येणं या वेगवेगळ्या तारखा असतात, हे कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. दाव्यात तारखेवरच सगळं अडतं तेव्हा ते खरं समजतं.

फौजदारीकडे तुम्ही कधीतरी जाल, म्हणून एक सापळा आताच दाखवतो. १ जुलै २०२४ नंतर जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी फिरत आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला जाताना लागायचं ते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो अधिकार कलम ५२८ मध्ये गेला. आणि नव्यातलं कलम ४८२ काय आहे? अटकपूर्व जामीन, जो जुन्यात ४३८ होता. म्हणजे शोधखिडकीत नुसतं ४८२ टाकलंत तर दोन अगदी वेगळ्या गोष्टींचे निवाडे एकमेकांत मिसळून येतील. तसंच ३०२. जुन्यात खून, नव्या न्याय संहितेत धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं; खुनाची शिक्षा आता १०३ मध्ये. शोधताना कायद्याचं नाव आणि कलम दोन्ही टाका, आणि नव्या कलमावर निवाडे कमी आले तर जुन्या कलमावरचे काढून दोन्ही मजकूर शब्दाशब्दाने ताडून बघा. कुठे एखादाच शब्द बदललेला असतो आणि सगळा युक्तिवाद त्या शब्दावर येऊन थांबतो. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्हा भारतीय दंड संहितेखालीच, त्यामुळे १८६० ची ती संहिता अजून बरीच वर्षं आपल्या टेबलावर राहणार आहे.

आता महाराष्ट्राचं. आपल्या राज्याच्या कायद्यांत नावाचीच गंमत आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आणि मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ अशी जी नावं होती, त्यातल्या ‘मुंबई’च्या जागी २०१२ मध्ये ‘महाराष्ट्र’ आलं. कायदा तोच, साल तेच. पण १९७५ चा निवाडा तुम्हाला ‘बॉम्बे टेनन्सी’ या नावानेच सापडेल आणि परवाचा ‘महाराष्ट्र टेनन्सी’ या नावाने. एकच नाव टाकून शोधलंत तर अर्ध्या शतकाचे निवाडे हातचे जातात. मी माझ्याकडच्या प्रत्येक नव्या ज्युनिअरला पहिल्या आठवड्यात हे सांगतो, आणि तरी महिन्याभराने कुणीतरी “सर, कलम ३२ग वर काही नाहीच” असं म्हणत येतंच.

दुसरी गोष्ट राज्य दुरुस्त्यांची. केंद्राच्या कायद्यात महाराष्ट्राने केलेले बदल मूळ मजकुरात दिसतीलच असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९अ हे याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण. तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावेळी अधिकारक्षेत्राचा आक्षेप आला तर तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी निकाली काढा, असं सांगणारं हे कलम फक्त महाराष्ट्रात होतं. केंद्राच्या संहितेत शोधलं तर ते नाही. त्यावर निवाड्यांचा डोंगर आहे, आणि २०१८ मध्ये राज्याने ते कलमच काढून टाकलं. म्हणजे आज तुम्हाला नेटवर त्यावरचे भारदस्त निवाडे सापडतील, नीट वाचाल, मुद्दा अगदी तुमच्या दाव्यासारखा निघेल, आणि कलम मात्र गेलेलं. राज्याचे कायदे आणि त्यांची मराठी भाषांतरं विधि व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथली प्रत कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेली आहे ते पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. त्या तारखेनंतरचं राजपत्र तुम्ही पाहायचं.

निवाड्यांकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

‘इंडियन कानून’ तुम्ही वापरतच असाल. सुशांत सिन्हा यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ही साइट नसती तर तालुक्याचा वकील आणि राजधानीचा वकील यांच्यातलं अंतर आजही तेवढंच राहिलं असतं, असं माझं मत आहे. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालयं, बरीच न्यायाधिकरणं, कायद्यांची कलमं, सगळं एका खिडकीतून शोधता येतं. पण बहुतेक जण ती गुगलसारखी वापरतात. मनाईच्या अर्जासाठी ‘प्रायमा फेसी केस, बॅलन्स ऑफ कन्व्हीनिअन्स’ असं टाकतात आणि हजारो निवाडे येतात, ज्यांचा काही उपयोग नाही, कारण मनाईची ती ठरलेली तत्त्वं साहेबांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. त्याऐवजी तुमच्या दाव्यातली वस्तुस्थिती शोधा. सामाईक शेतात एका सहहिस्सेदाराने विहीर खणायला घेतली आहे, तर ‘को-ओनर’, ‘वेल’, ‘इन्जंक्शन’, ‘अनडिव्हायडेड’ हे शब्द. निवाडा लिहिणाऱ्याने कोणता इंग्रजी शब्द वापरला असेल, याचा अंदाज बांधायचा. एक निवाडा मनासारखा मिळाला की त्यातला सगळ्यात नेमका तीन-चार शब्दांचा वाक्प्रयोग उचला, अवतरणचिन्हांत घालून पुन्हा शोधा. तोच वाक्प्रयोग पुढच्या निवाड्यांत उतरलेला असतो आणि माळ उलगडत जाते. मग न्यायालय ‘मुंबई’ निवडा, अलीकडचे आधी लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक निवाड्याच्या डोक्यावर तो पुढे कुठे कुठे उद्धृत झाला आहे याची यादी असते. ती उघडल्याशिवाय तो निवाडा वापरायचा नाही. यादी लांब असेल तर त्यातले सर्वोच्च न्यायालयाचे आणि सगळ्यात नवे पाचसहा पाहा. माझ्या फुलवतीच्या यादीत विनीता शर्मा तेव्हाही दिसला असता. मी झेरॉक्सवर विसंबलो आणि झेरॉक्सला अशी यादी नसते.

दुसरं उदाहरण देतो, कारण हे अजून घडताना दिसतं. २०१८ च्या ‘एशियन रिसर्फेसिंग’ निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की दिवाणी किंवा फौजदारी खटल्याला मिळालेली स्थगिती सहा महिन्यांनी, कारणांसह वाढवून दिली नाही तर, आपोआप उठते. खालच्या कोर्टांत हा निवाडा एवढा फिरला की अशिलांनाही पाठ झाला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, अलाहाबादच्या हायकोर्ट बार असोसिएशनच्या खटल्यात, तो फिरवला. स्थगिती अशी आपोआप उठत नाही. तरी जुन्या निवाड्याची प्रत घेऊन “स्टे संपला, पुढे चालवा” असा अर्ज आजही कुणीतरी देतंच. इथे पीठ किती जणांचं होतं हे बघायची सवय लागते. दोन न्यायमूर्तींचा निवाडा तीन जणांच्या पीठापुढे टिकत नाही, मग तो कितीही नवा असो. तारीख आणि पीठ, दोन्ही टिपून ठेवा.

अजून एक कोपरा सगळे विसरतात. उच्च न्यायालयाचा निवाडा उत्तम मिळाला, पण त्याच्यावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका गेली आहे का, स्थगिती आहे का? सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर खालच्या न्यायालयाचा प्रकरण क्रमांक टाकून हे शोधता येतं. दहा मिनिटांचं काम आहे. समोरचा वकील हुशार असेल तर तो ते करूनच आलेला असतो.

कोर्टात दाखल करायची प्रत मात्र इंडियन कानूनवरून काढू नका. तिथला मजकूर शोधण्यासाठी ठीक आहे, पण परिच्छेदांचे आकडे कधी हललेले असतात, तक्ते विस्कटलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा असेल तर न्यायालयाच्याच ‘डिजी एससीआर’ वरून घ्या. आधी जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर आलं, मग २८ जानेवारी २०२४ रोजी, न्यायालयाच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने, ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’चे १९५० पासूनचे सगळे ५१९ खंड, ३६,३०८ प्रकरणं, फुकट खुले झाले. हे न्यायालयाचं अधिकृत प्रकाशन आहे, त्यात हेडनोटही आहेत. हेडनोट वाचा आणि लगेच विसरा. तो निवाड्याचा भाग नसतो, संपादकाने केलेला सारांश असतो. तुम्हाला हवं ते वाक्य निवाड्यात खरोखर आहे का, आणि असेल तर ते न्यायालयाचं स्वतःचं आहे की हरलेल्या बाजूच्या वकिलाचा युक्तिवाद नमूद करताना आलेलं आहे, हे मूळ परिच्छेदातच कळतं. युक्तिवादाचा परिच्छेद निर्णय म्हणून वाचणारे वकील मी दरवर्षी पाहतो.

मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडे आणि आदेश त्याच्याच संकेतस्थळावर मिळतात. आता सगळीकडे न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयानेच निवाड्याला दिलेला क्रमांक, आलं आहे, ते लिहायची सवय लावा. सर्वोच्च न्यायालयाचं साल, मग ‘आयएनएससी’, मग क्रमांक. आपल्या उच्च न्यायालयाचं साल, मग ‘बीएचसी’ आणि पुढे कुठला विभाग ते: ‘एएस’ म्हणजे मुंबईची अपील शाखा, ‘ओएस’ मूळ शाखा (दावे थेट चालतात ती), ‘एनएजी’ नागपूर, ‘एयूजी’ औरंगाबाद. कुणाकडे कोणती जर्नल आहे यावर आता काही अडत नाही, एका क्रमांकाने सगळ्यांना तोच निवाडा उघडतो. मूळ शाखेचा निवाडा वापरताना जरा जपून. तिथले नियम वेगळे आहेत आणि तुमच्या तालुक्याच्या दाव्याला ते जसेच्या तसे लागणार नाहीत.

पैसे भरायच्या सेवा, म्हणजे एससीसी ऑनलाइन, मनुपात्रा, एआयआर, तुम्हाला लागतील का? पहिली दोन-तीन वर्षं नाही, असं मी म्हणेन. त्यांचा खरा फायदा संपादकांच्या मेहनतीत आहे: निवाडा पुढे पाळला गेला, वस्तुस्थिती निराळी म्हणून बाजूला ठेवला गेला की फिरवला गेला, हे ते खुणा करून सांगतात. तेच काम तुम्ही हाताने करून शिकलात तर पुढे त्या खुणांवर आंधळा विश्वास ठेवणार नाही. जुन्या मुंबई निवाड्यांसाठी मात्र महाराष्ट्र लॉ जर्नल किंवा १८९९ पासूनचा बॉम्बे लॉ रिपोर्टर चाळावा लागतो, आणि ते जिल्ह्याच्या बार लायब्ररीत असतात. शनिवारी जा. (निवाड्याचा मूळ मजकूर फुकट का देता येतो, असं ज्युनिअर विचारतात. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ निवाडे छापायला मोकळीक देतं, न्यायालयाने मनाई केली नसेल तर. आणि डिसेंबर २००७ मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक’ या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ निवाडा कुणाच्या मालकीचा नाही, प्रकाशकाने स्वतःच्या कौशल्याने घातलेली भर तेवढी त्याची.)

खटल्याची तारीख, रोजनामा, आदेश यासाठी ई-कोर्ट्सचं ॲप मोबाइलवर असेलच. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक फायलीच्या मुखपृष्ठावर लिहा. आपल्या राज्याचा ‘एमएच’ ने सुरू होतो, शेवटचे चार अंक सालाचे. ॲपवर दिसणारा आदेश माहितीसाठी असतो, अपिलाला लावायला प्रमाणित नक्कलच लागते, आणि मुदत मोजताना नक्कल काढायला लागलेले दिवस वगळायचे असतात, म्हणून तिचा अर्ज त्याच दिवशी द्या.

महसूल आणि जमिनीची कामं तुमच्याकडे निम्मी तरी असतील. सातबारा, आठ-अ, मालमत्ता पत्रक महाभूलेखवर दिसतं; डिजिटल सहीचा सातबारा वेगळ्या खिडकीतून शुल्क भरून घ्यावा लागतो आणि कोर्टात तोच लावायचा, नुसता पाहण्यापुरता असतो तो नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, बघता येते. खरेदीखतं, गहाणखतं निघतात. जुन्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्यावाचून इलाज नाही. सदनिकेचा मामला असेल तर महारेरावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, विकासकाने काय काय जाहीर केलं आहे ते बघा. अशिलाला मिळालेल्या माहितीपत्रकापेक्षा ते बऱ्याचदा वेगळं असतं आणि तुमचा अर्धा दावा तिथेच उभा राहतो.

जीआरबद्दल थोडं थांबून सांगतो. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार, तारखेवार मिळतात. प्रत्येकावर लांबलचक सांकेतांक असतो, तो तारखेने सुरू होतो. कुणी तुम्हाला मोबाइलवर जीआरचा फोटो पाठवला तर तो सांकेतांक टाकून मूळ प्रत काढा, निघाली नाही तर त्या फोटोवर एक शब्द लिहू नका. मूळ निघाल्यावर शेवटची दोन पानं आणि प्रस्तावना वाचा, कारण ‘अधिक्रमित करून’ हे दोन शब्द तिथे लपलेले असतात. साइटवर जुने, रद्द झालेले निर्णयही तसेच पडून आहेत, त्यांच्यावर लाल शिक्का मारलेला नसतो. त्याच विषयाचा त्याच विभागाचा नंतरचा निर्णय आहे का, हे आपणच शोधायचं. आणि अशील कितीही उत्साहाने जीआर घेऊन आला तरी हे ध्यानात ठेवा की शासन निर्णय कायद्याच्या कलमाला ओलांडू शकत नाही. कलम आधी, त्याखालचे नियम मग, जीआर त्यानंतर.

मराठीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो रोज येईल. तालुक्याच्या कोर्टाचं कामकाज मराठीत, निवाडे इंग्रजीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे वरच्या न्यायालयांत इंग्रजी मजकूरच अधिकृत असतो, त्यामुळे कलमाच्या शब्दांवर वाद असेल तर इंग्रजी प्रत समोर ठेवूनच मराठी युक्तिवाद लिहा. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ ऑनलाइन आहे. तो जरूर वापरा, पण कोर्टाच्या कानाला धरून. कोशात ‘व्यादेश’ असेल, तुमच्या कोर्टात ‘मनाई हुकूम’ चालतो. कोशात ‘अंमलबजावणी’, बेलिफाला कळते ती ‘दरखास्त’. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांची मराठी भाषांतरंही येऊ लागली आहेत. अशिलाला समजावून सांगायला फार उपयोगी, पण दाखल करायला इंग्रजीच.

आता एआय. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात ‘माटा विरुद्ध एव्हिआन्का’ प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले. निवाड्यांची नावं होती, उतारे होते, आणि ते निवाडे जगात कुठेच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला, नाव गेलं ते वेगळं. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापराचं धोरणच काढलं. मी स्वतः एकदा मुंबई भाडे नियंत्रणावर प्रश्न विचारून पाहिला. उत्तर सुरेख होतं, तीन निवाडे दिले होते; एक खरा, एकाचं नाव खरं पण त्यात मुद्दा भलताच, तिसरा कुठेच सापडला नाही. खोटा निवाडा खऱ्यासारखाच दिसतो, हा त्यातला खरा धोका. मग एआयचा उपयोग काय? शोधशब्द सुचवायला. “सहहिस्सेदाराच्या बांधकामावर मनाई, इंग्रजीत कोणत्या शब्दांनी निवाड्यांत लिहितात” असं विचारा, चांगले पाच-सहा शब्द मिळतील, ते इंडियन कानूनमध्ये टाका. आणि अशिलाची कागदपत्रं, नावं, खत-पत्रं त्यात चिकटवू नका. ती तुमच्याकडे विश्वासाने दिलेली आहेत.

लाइव्ह लॉ, बार अँड बेंच अशा बातम्यांच्या साइट्स सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं पाहायला हरकत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मी ती पाच मिनिटं दिली असती तर वर सांगितलेला प्रसंग टळला असता. बातमी वाचून निवाड्याचं नाव टिपायचं, मजकूर न्यायालयाच्या साइटवरून काढायचा. कायदा का आणला गेला हे दाखवायचं असेल तर विधी आयोगाचे अहवाल आणि विधेयकांसाठी पीआरएस या संशोधन संस्थेची साइट. दिवाणी वकिलाला वर्षातून एकदोनदाच लागतं, पण लागतं तेव्हा त्याला पर्याय नसतो.

अशील मात्र व्हॉट्सॲपवरचा ‘नवा कायदा’ घेऊन येणार, याची तयारी ठेवा. त्याला कायद्याचा क्रमांक, साल आणि राजपत्राची तारीख विचारा. तीनातलं एक जरी मिळालं तर पुढे बघू म्हणा. सर्वोच्च न्यायालयाच्या नावाने बनावट संकेतस्थळं फिरत असल्याची सूचना न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढली होती, तेव्हा सरकारी साइट उघडताना पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ आहे ना, हे अशिलालाही शिकवा. फी परवडत नसलेला कुणी आला तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक द्या. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले आरोपी यांना १९८७ च्या कायद्याचं कलम १२ उत्पन्न न बघता मोफत वकील देतं, आणि हे सांगायला आपल्यातले बरेच जण विसरतात.

तुमच्या पुढच्या नि. ५ च्या, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या, अर्जासाठी असं करा. तीनपेक्षा जास्त निवाडे लावू नका. प्रत्येकाची प्रत न्यायालयाच्या साइटवरून काढा, पीठ किती जणांचं ते वरच्या कोपऱ्यात लिहा, आणि पेन्सिलीने तारीख घाला: कोणत्या दिवशी पुढची यादी तपासली. पेन्सिलीने अशासाठी की युक्तिवाद पुढच्या तारखेवर गेला, आणि तो जाणारच, तर जुनी तारीख खोडून पुन्हा तपासून नवी घालता येते.